प्रमाणद्रव्य कोठे मिसळले? : रक्तातील प्रथिनांच्या वस्तुमान वर्णपटमितीय मापनाची चिकित्सा

सारांश

रक्तातील प्रथिनांच्या मापनावरून रोगनिदान करण्याच्या प्रयत्नांत वस्तुमान वर्णपटमिती, म्हणजेच मास स्पेक्ट्रोमेट्री, या तंत्राला गेल्या पाव शतकात मोठे महत्त्व प्राप्त झाले आहे. या तंत्राने मिळणाऱ्या आकड्यांची विश्वासार्हता अंशशोधनावर, म्हणजे कॅलिब्रेशनवर, अवलंबून असते. प्रस्तुत लेखात २००२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला अंडाशयाच्या कर्करोगाविषयीचा शोधनिबंध, २००३-०४ मध्ये झालेली त्याची फेरतपासणी, २००२ मधीलच ग्लायकेटेड हिमोग्लोबिनची संदर्भपद्धती आणि २००९ मधील बहुप्रयोगशाळा अभ्यास यांची तुलनात्मक चिकित्सा केली आहे. ज्ञात प्रमाणद्रव्य नमुन्याच्या प्रवासात कोणत्या टप्प्यावर सामील होते, हा अशा मापनाच्या मूल्यमापनाचा प्रमुख निकष ठरतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : रक्तद्रव, रक्तरस, प्रथिने, वस्तुमान वर्णपटमिती, अंशशोधन, प्रमाणद्रव्य, समस्थानिक, पुनरुत्पादनक्षमता

१. प्रस्तावना

मापनाला प्रमाणाचा आधार लागतो, ही गोष्ट दैनंदिन व्यवहारात सर्वांच्या परिचयाची आहे. तेल विकत घेताना आधी भांड्याचा धडा केला जातो. वजनावर वैधमापन यंत्रणेचा शिक्का आहे की नाही, हे जागरूक ग्राहक पाहतो. प्रयोगशाळेतील मापनाकडूनही तीच अपेक्षा असते. मात्र उपकरण जितके गुंतागुंतीचे आणि महागडे, तितका या साध्या अपेक्षेचा विसर पडण्याचा संभव अधिक असतो. रक्तातील प्रथिनांच्या मापनाचा अलीकडील इतिहास याची साक्ष देतो.

रक्त गोठू न देता त्यातील पेशी वेगळ्या केल्या असता जो पिवळसर द्रव उरतो, त्यास रक्तद्रव म्हणजे प्लाझ्मा म्हणतात. रक्त गोठल्यानंतर सुटणारा द्रव म्हणजे रक्तरस किंवा सीरम होय. शरीरातील जवळजवळ प्रत्येक अवयवाचा रक्ताशी संबंध येत असल्याने आजाराची खूण या द्रवात सापडावी, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. अडचण आहे ती प्रमाणाची. ली अँडरसन व नॉर्मन अँडरसन यांनी २००२ साली मानवी रक्तद्रवातील प्रथिनांचा जो विस्तृत आढावा घेतला, त्यात ही अडचण स्पष्टपणे मांडली आहे. रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये अल्ब्युमिन हे प्रथिन ३५ ते ५० मिलिग्रॅम असते. तर इंटरल्युकिन-६ हे प्रथिन निरोगी अवस्थेत शून्य ते ५ पिकोग्रॅम असते. या दोन टोकांमधील अंतर सुमारे एक हजार कोटी पटींचे आहे. रोगाची खूण ठरू शकणारी प्रथिने बहुधा या दुसऱ्या टोकाजवळ असतात. विपुल प्रथिनांच्या गर्दीत दुर्मिळ प्रथिन शोधणे आणि त्याचे प्रमाण खात्रीने सांगणे, ही दोन वेगवेगळी कामे आहेत. पहिले काम साधले म्हणजे दुसरेही साधले, या गैरसमजातून पुढील वादाचा उगम झाला.

प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट या वादाचा इतिहास सांगणे एवढेच नाही. संबंधित संशोधनात अंशशोधनाला कोणते स्थान दिले गेले, याची चिकित्सा करून इतर विषयांच्या अभ्यासकांनाही वापरता येईल असा निकष मांडण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

२. दोन अक्ष आणि दोन अंशशोधने

वस्तुमान वर्णपटमापक थेट प्रथिन मोजत नाही. नमुन्यातील रेणूंना विद्युतप्रभार देऊन आयन बनवले जातात आणि वस्तुमान व प्रभार यांच्या गुणोत्तरानुसार ते वेगळे केले जातात. परिणामी एक आलेख मिळतो. त्याच्या आडव्या अक्षावर हे गुणोत्तर आणि उभ्या अक्षावर संदेशाची तीव्रता असते. आलेखातील शिखराचे स्थान ‘कोण’ या प्रश्नाचे आणि त्याची उंची ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर देते, असे मानले जाते. ही दोन्ही उत्तरे अंशशोधनाखेरीज मिळत नाहीत.

आडव्या अक्षाचा विचार प्रथम करता येईल. उड्डाणकाळावर आधारित उपकरणात आयनाला विशिष्ट अंतर कापण्यास किती वेळ लागला, एवढेच प्रत्यक्षात मोजले जाते. वस्तुमान-प्रभार गुणोत्तर हे या वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात असते; परंतु त्या प्रमाणाचा स्थिरांक सूत्रातून आयता मिळत नाही. ज्ञात वस्तुमानाची काही द्रव्ये त्याच उपकरणातून पाठवून तो ठरवावा लागतो. विद्युतदाब, तापमान किंवा नमुना ठेवण्याची पट्टी यांत थोडा फरक पडला तरी हा स्थिरांक सरकतो. ०.१ टक्का एवढी चूकही नगण्य नसते : २,५०० एवढ्या मूल्याजवळ तिचा अर्थ अडीच एककांचा फरक असा होतो आणि तेवढ्या फरकात दुसराच रेणू असू शकतो.

उभ्या अक्षाची अडचण याहून मोठी आहे. दोन निरनिराळे रेणू समान संख्येने असले तरी त्यांचे आयन समान संख्येने बनत नाहीत. शिवाय एखाद्या रेणूचे आयन किती बनतील, हे त्याच्या शेजारी कोणते रेणू आहेत यावरही अवलंबून असते. विपुल द्रव्ये दुर्मिळ द्रव्यांचा संदेश दाबून टाकतात. म्हणून शिखराची उंची दुप्पट झाली याचा अर्थ प्रथिन दुप्पट झाले, असा काढता येत नाही. शेजार बदलल्यामुळेही तसे घडू शकते.

यावरील उपाय रसायनशास्त्रात जुना आहे. मोजावयाच्या द्रव्याचीच एक जड प्रतिकृती ज्ञात प्रमाणात नमुन्यात मिसळायची. प्रथिनांच्या बाबतीत सर्वसाधारण रीत अशी की, ट्रिप्सिन या विकराने प्रथिनाचे लहान तुकडे, म्हणजे पेप्टाइड, केले जातात. त्यांपैकी एक वैशिष्ट्यपूर्ण तुकडा निवडून त्याची कृत्रिम प्रत तयार करतात. तिच्यातील लायसिन किंवा आर्जिनिन हे अमिनो आम्ल कार्बन व नायट्रोजन यांच्या जड समस्थानिकांनी बनवलेले असल्याने ती प्रत अनुक्रमे ८ किंवा १० एककांनी जड असते. रासायनिक वर्तन सारखेच असल्याने दोन्हींचा संदेश सारख्याच प्रमाणात दबतो, मात्र शिखरे वेगळी दिसतात. त्यांच्या उंचीचे गुणोत्तर घेतले की शेजाराचा परिणाम निघून जातो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रातील संशोधकांनी याच तत्त्वाने अपोलिपोप्रोटीन ए-१ या रक्तातील प्रथिनाचे मापन करून दाखवले ते १९९६ साली. पुढील चिकित्सेच्या दृष्टीने हे साल महत्त्वाचे आहे. २००२ मध्ये प्रमाणबद्ध मापनाची वाट अज्ञात नव्हती.

३. २००२ चा शोधनिबंध : दावा आणि त्याचा पाया

फेब्रुवारी २००२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इमॅन्युएल पेट्रिकॉइन, लान्स लिओटा व सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हे संशोधन अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन आणि राष्ट्रीय कर्करोग संस्था यांच्या संयुक्त उपक्रमातून झाले होते. कर्करोग असलेल्या ५० व नसलेल्या ५० स्त्रियांच्या रक्तरसाचे वर्णपट घेऊन संगणकीय पद्धतीने त्यांतील भेदक आकृतिबंध शोधण्यात आला. आकृतिबंधात पाच मूल्ये होती : ५३४, ९८९, २१११, २२५१ आणि २४६५. त्यानंतर ११६ नमुन्यांवर चाचणी घेण्यात आली. कर्करोगाचे सर्व ५० नमुने ओळखले गेले. त्यांत पहिल्या अवस्थेतील १८ नमुनेही होते. कर्करोग नसलेल्या ६६ पैकी ६३ नमुने बरोबर वेगळे पडले. म्हणजे संवेदनशीलता १०० टक्के आणि विशिष्टता ९५ टक्के.

अंडाशयाचा कर्करोग बहुधा उशिरा लक्षात येतो आणि तोपर्यंत उपचारांची परिणामकारकता घटलेली असते. या पार्श्वभूमीवर बोटाच्या टोकावर मावेल एवढ्या रक्तातून पहिल्या अवस्थेतील रोग ओळखता येतो, या दाव्याचे मोठे स्वागत झाले, यात नवल नाही. त्यावर आधारलेली ‘ओव्हाचेक’ ही चाचणी बाजारात आणण्याची तयारीही सुरू झाली. २००४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने हस्तक्षेप केल्यामुळे ती थांबली.

या दाव्याची एक मर्यादा अंकगणिताची होती. रजोनिवृत्तीनंतरच्या सुमारे २,५०० स्त्रियांमागे एका स्त्रीस हा रोग असतो, असे धरले जाते. ९५ टक्के विशिष्टतेची चाचणी अशा २,५०० स्त्रियांवर केली, तर एका खऱ्या रुग्णासोबत सुमारे १२५ निरोगी स्त्रियाही रुग्ण ठरतील. अंडाशयाच्या बाबतीत संशयाचे निराकरण बहुधा शस्त्रक्रियेनेच होत असल्याने या १२५ स्त्रियांना काय सोसावे लागले असते, याची कल्पना करता येते. परंतु ही मर्यादा चाचणीच्या वापराची आहे. चाचणीच्या मापनाची मर्यादा त्याहून मूलभूत होती.

आकृतिबंधातील पाच मूल्ये म्हणजे कोणती प्रथिने, हे शोधनिबंधात सांगितलेले नव्हते. ती पाच स्थाने होती. ज्या द्रव्याचे नाव ठाऊक नाही, त्याची जड प्रतिकृती बनवता येत नाही. त्यामुळे उभ्या अक्षाचे अंशशोधन या रचनेत तत्त्वतःच शक्य नव्हते. सगळी भिस्त आडव्या अक्षावर होती, आणि तो अक्ष तरी किती भक्कम होता?

४. फेरतपासणी : टीका आणि तिचा क्रम

मूळ गटाने आपले वर्णपट सार्वजनिक करून इतरांना उपलब्ध करून दिले, ही त्या गटाच्या श्रेयाची बाब नोंदवली पाहिजे. पुढील सर्व टीका या खुलेपणामुळेच शक्य झाली.

२००३ मध्ये सोरेस व झान यांनी ‘बीएमसी बायोइन्फर्मॅटिक्स’मध्ये यांपैकी एका माहितीसंचाचे पुनर्मूल्यांकन प्रसिद्ध केले. २.७९ आणि २४५.२ या दोन मूल्यांवरूनही रुग्ण व निरोगी नमुने वेगळे काढता येतात, असे त्यांना आढळले. या निष्कर्षाचा अर्थ नीट लक्षात घ्यावा लागेल. सर्वांत लहान अमिनो आम्ल असलेल्या ग्लायसिनचे वस्तुमानही ७५ आहे. २.७९ या स्थानी कोणतेही प्रथिन, किंबहुना प्रथिनाचा कोणताही तुकडा असू शकत नाही. तेथे केवळ उपकरणाचा गोंगाट असतो. गोंगाटावरून जर रुग्ण ओळखता येत असेल, तर दोन्ही गटांचे नमुने निरनिराळ्या रीतीने हाताळले गेले, एवढाच त्याचा अर्थ होतो. भेद रक्तातला नसून हाताळणीतला होता.

२००४ मध्ये कीथ बॅगर्ली, जेफ्री मॉरिस व केविन कूम्ब्स यांनी ‘बायोइन्फर्मॅटिक्स’ या नियतकालिकात त्याच गटाच्या तीन प्रयोगांची तुलना मांडली. त्यांचे निष्कर्ष थोडक्यात असे : एका प्रयोगातील भेदक मूल्ये दुसऱ्या प्रयोगात चालत नाहीत, आधाररेषेची वजाबाकी केलेली असल्याने दोन प्रयोगांतील निकाल पुन्हा काढता येत नाहीत, एका प्रयोगात कार्यपद्धती मध्येच बदलल्याची चिन्हे आहेत, दुसऱ्या एका प्रयोगात गोंगाटाच्या भागातच रुग्ण व निरोगी यांचा भेद दिसतो, आणि शेवटी, तिन्ही प्रयोगांतील वस्तुमान-अंशशोधन संशयास्पद वाटते.

ही टीका काटेकोर आहे आणि तिचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. तथापि, तिच्या मांडणीच्या क्रमाविषयी एक आक्षेप घेता येतो. अंशशोधनाचा मुद्दा तेथे अखेरीस, इतर अनेक दोषांपैकी एक म्हणून येतो. वस्तुतः आधीचे बरेचसे दोष त्याच एका उणिवेची रूपे आहेत. रुग्ण आणि निरोगी यांच्या नमुन्यांच्या मधूनमधून एकाच ज्ञात रक्तरसाचा नमुना उपकरणातून पाठवला असता, तर कार्यपद्धतीतील बदल त्याच दिवशी उघड झाला असता. नमुन्यांतच ज्ञात प्रमाणद्रव्य असते, तर अक्ष सरकला की नाही, हे प्रत्येक वर्णपटावरून समजले असते. संख्याशास्त्रज्ञांना दोन वर्षांनंतर आकड्यांच्या ढिगाऱ्यातून जे शोधून काढावे लागले, ते सांगण्याचे काम अंशशोधनाचे असते. टीकाकार संख्याशास्त्राच्या बाजूने आल्यामुळे या प्रकरणाची आठवण ‘संख्याशास्त्रीय चूक’ अशी राहिली. ती प्रामुख्याने मापनशास्त्रातील चूक होती, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

५. ‘आकृतिबंध पुरेसा आहे’ या युक्तिवादाचे परीक्षण

मूळ गटाच्या बाजूने मांडल्या गेलेल्या भूमिकेचाही विचार करणे न्यायाचे होईल. प्रथिनाचे नाव ठाऊक नसले तरी चालेल, आकृतिबंध हेच निदान आहे, असा त्या भूमिकेचा आशय होता. २००५ मध्ये ‘जर्नल ऑफ द नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट’मध्ये झालेल्या चर्चेत, सार्वजनिक माहिती वापरणाऱ्यांनी ती निर्माण करणाऱ्यांशी संवाद साधायला हवा, असेही या बाजूने सुचवण्यात आले.

आकृतिबंधावरून निदान करणे ही गोष्ट वैद्यकाला परकी नाही. हृदयाचा विद्युत आलेख, म्हणजे ईसीजी, डॉक्टर आकृतिबंधावरूनच वाचतात. पण त्या कागदावर एक लहानशी चौकोनी खूण असते. एक मिलिव्होल्ट म्हणजे दहा मिलिमीटर, हे ती खूण सांगते. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, हेही ठरलेले असते. त्यामुळे निरनिराळ्या गावांत आणि निरनिराळ्या यंत्रांवर काढलेले आलेख एकाच भाषेत बोलतात. म्हणजे आकृतिबंधाचे निदान अंशशोधनातून सूट देत नाही. उलट आकृतीचा प्रत्येक बिंदू अर्थपूर्ण मानायचा असल्याने ते अंशशोधनाची मागणी अधिक कडक करते. या युक्तिवादाची उणीव नेमकी येथे आहे.

पुढील घटनाक्रमही हेच दर्शवितो. रक्तरसाच्या याच प्रकारच्या वर्णपटांपासून सुरुवात करून दुसऱ्या एका संशोधनगटाने २००४ मध्ये तीन खुणांची ओळख पटवली. त्यांत अपोलिपोप्रोटीन ए-१ आणि ट्रान्सथायरेटिनचा एक तुकडा यांचा समावेश होता. नाव मिळाल्यानंतर प्रमाणद्रव्य वापरून मापन शक्य झाले. सप्टेंबर २००९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली ‘ओव्हीए१’ ही चाचणी पाच ज्ञात प्रथिनांवर आधारलेली आहे. ती प्रथिने नेहमीच्या प्रतिपिंड-आधारित पद्धतीने मोजली जातात, आणि ओटीपोटात गाठ असल्याचे आधीच कळलेल्या व शस्त्रक्रिया ठरलेल्या स्त्रियांसाठीच ती आहे. मूळ दाव्याच्या तुलनेत ही चाचणी फारच मर्यादित आहे. परंतु ती काय मोजते हे सांगता येते. सरसकट तपासणीचे स्वप्न मात्र अपुरेच राहिले. ब्रिटनमध्ये सुमारे दोन लाख स्त्रियांवर सीए-१२५ व सोनोग्राफी यांच्या आधारे झालेल्या दीर्घकालीन चाचणीतही मृत्युदर घटल्याचे दिसले नाही, असे २००१ मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासाच्या २०२१ मधील निष्कर्षांत नमूद आहे.

६. त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण

२००२ मधील उणिवेचे समर्थन ‘तंत्र नवे होते’ असे करता येत नाही, हे त्याच वर्षीच्या एका वेगळ्या कार्यावरून स्पष्ट होते. ग्लायकेटेड हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीए१सी, ही तपासणी मधुमेहामुळे आपल्याकडील घराघरात पोहोचली आहे. हे प्रथिन रक्तद्रवातील नसून तांबड्या पेशींतील आहे. मात्र प्रश्न तोच, रक्तातील प्रथिन मोजण्याचा. निरनिराळ्या प्रयोगशाळा निरनिराळ्या पद्धती वापरत आणि निरनिराळे आकडे देत. आंतरराष्ट्रीय क्लिनिकल केमिस्ट्री महासंघाच्या, म्हणजे आयएफसीसीच्या, कार्यगटाने यासाठी संदर्भपद्धती तयार केली आणि ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली.

या पद्धतीत विकराच्या साह्याने हिमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेच्या टोकाचा सहा अमिनो आम्लांचा तुकडा कापला जातो आणि शर्करायुक्त व शर्कराविरहित तुकड्यांचे गुणोत्तर वस्तुमान वर्णपटमितीने किंवा केशनलिका विद्युतसंचारणाने मोजले जाते. येथे महत्त्वाची बाब अंशशोधनाची आहे. शुद्ध एचबीए१सी आणि शुद्ध, शर्कराविरहित हिमोग्लोबिन ज्ञात प्रमाणात एकत्र करून प्रमाणद्रव्य बनवले जाते. ते अखंड प्रथिन असते. रुग्णाच्या नमुन्यावर जे जे संस्कार होतात, ते सर्व त्याच्यावरही होतात. कापण्याची क्रिया अपुरी राहिली तर ती दोघांच्याही बाबतीत अपुरी राहते, आणि ते लक्षात येते.

या काटेकोरपणाचा एक अवघड परिणाम झाला. ज्या रक्ताचे मूल्य प्रचलित पद्धतीने ७ टक्के येत असे, तेच नव्या पद्धतीने सुमारे ५.३ टक्के आले. जुन्या पद्धती एचबीए१सीबरोबर इतर काही घटकही मोजत होत्या. पण उपचारांची उद्दिष्टे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासातील जुन्या आकड्यांवर बेतलेली होती. आकडा एकाएकी उतरला असता, तर मधुमेह आटोक्यात आला, असा रुग्णांचा समज होण्याचा धोका होता. म्हणून दोन्ही प्रमाणांना जोडणारे समीकरण निश्चित करण्यात आले, आणि नवे मूल्य टक्क्यांऐवजी मिलिमोल प्रति मोल या एककात द्यावे, असे ठरले. त्यानुसार ७ टक्के म्हणजे ५३ मिलिमोल प्रति मोल. काही अहवालांवर हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापलेले आढळतात. त्यांच्यामागे अंशशोधनाची ही सारी साखळी उभी आहे.

या दोन कार्यांची तुलना केली असता, एकात प्रमाणद्रव्य नमुन्यासोबत वाटचाल करतच नाही, तर दुसऱ्यात ते आरंभापासून सोबत असते, हा भेद ठळकपणे दिसतो.

७. २००९ चा बहुप्रयोगशाळा अभ्यास

रक्तद्रवातील प्रथिनांच्या संदर्भात या भेदाचे प्रायोगिक परीक्षण करणारे महत्त्वाचे कार्य २००९ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकाराने आठ प्रयोगशाळांनी सात प्रथिनांचे दहा पेप्टाइड समान द्रव्ये व समान कार्यपद्धती वापरून मोजले. सीआरपी आणि पीएसए ही परिचित प्रथिनेही त्यांत होती.

अभ्यासाची रचनाच त्याचे बलस्थान आहे. तो तीन टप्प्यांत विभागलेला होता. पहिल्या टप्प्यात पेप्टाइड आधीच विघटित केलेल्या रक्तद्रवात मिसळले गेले. दुसऱ्या टप्प्यात प्रथिनांचे विघटन स्वतंत्रपणे करून ते तुकडे विघटित रक्तद्रवात मिसळण्यात आले. तिसऱ्या टप्प्यात अखंड प्रथिने रक्तद्रवात मिसळून विघटनासह सर्व क्रिया प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतः केल्या. म्हणजे मोजावयाचे द्रव्य प्रवासात अधिकाधिक आधीच्या टप्प्यावर सामील होत गेले. जड प्रतिकृती मात्र पेप्टाइडच्याच रूपात होती. अपेक्षेप्रमाणे टप्प्यागणिक विचलन वाढत गेले आणि मिसळलेल्या प्रथिनाचा काही भाग अंतिम आकड्यात उतरलाच नाही.

लेखकांनी आपला निष्कर्ष आशादायी शब्दांत मांडला : समान द्रव्ये आणि कार्यपद्धती असतील, तर प्रयोगशाळांमध्ये उत्तम एकवाक्यता साधता येते. तो योग्यच आहे. परंतु चिकित्सक वाचकाने त्यातून दुसराही बोध घेणे आवश्यक आहे. आठ प्रयोगशाळांचे एकमत म्हणजे अचूकता नव्हे. सर्वांनी एकच विकर एकाच रीतीने वापरले आणि प्रत्येक ठिकाणी प्रथिनाचा सारखाच भाग न कापता राहिला, तर सर्वांचे आकडे परस्परांशी जुळतील आणि तरीही सर्व आकडे सारखेच कमी असतील. विघटनानंतर मिसळलेले जड पेप्टाइड ही तूट दाखवू शकत नाही. कारण ती तूट ते मिसळण्यापूर्वीच पडलेली असते. म्हणूनच संपूर्ण जड प्रथिन, किंवा निदान दोन्ही टोकांना लांबवलेले जड पेप्टाइड, विघटनापूर्वी मिसळण्याचा आग्रह धरला जातो. तो खर्चिक असला, तरी तर्कशुद्ध आहे.

संवेदनशीलतेची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. या अभ्यासात एका मिलिलिटरमागे काही मायक्रोग्रॅमपर्यंतची प्रथिने मोजता आली. पीएसएची व्यवहारात रूढ असलेली सीमा मिलिलिटरमागे ४ नॅनोग्रॅम, म्हणजे सुमारे हजार पटींनी खाली आहे. हे अंतर कापण्यासाठी २००४ पासून विकसित झालेल्या पद्धतीत प्रतिपिंडाच्या साह्याने विशिष्ट पेप्टाइड आधी वेचून घेतला जातो. जड प्रतिकृती वेचण्यापूर्वीच मिसळल्यामुळे वेचताना झालेली गळती दोघांची सारखी होते. थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाबाबत ही वाट २००८ मध्ये उपयुक्त ठरली. थायरॉइडच्या कर्करोगावर उपचार झालेल्या काही रुग्णांच्या रक्तात या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असतात आणि ती नेहमीच्या तपासणीत अडथळा आणतात. विघटनात ती प्रतिपिंडेही तुटून जात असल्याने वस्तुमान वर्णपटमितीने मिळणारा आकडा अधिक भरवशाचा ठरतो. या तंत्राची खरी उपयुक्तता अशा नेमक्या कामांत सिद्ध झाली आहे.

८. प्रमाणद्रव्य जेथे पोहोचत नाही

प्रमाणद्रव्य जितके आधी सामील होईल तितके मापन भक्कम, हा निकष स्वीकारला तरी त्याची एक सीमा मान्य करावी लागते. रुग्णाच्या दंडातून रक्त काढल्यापासून ते प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंतच्या काळात प्रमाणद्रव्य सोबत नसते. रक्त गोठताना अनेक विकरे सक्रिय होऊन प्रथिनांचे तुकडे करतात. रक्तरस किती वेळ तसाच राहिला, कोणत्या नळीत राहिला, कितीदा गोठवून वितळवला, यांवर लहान तुकड्यांचे प्रमाण बदलते. २००२ च्या शोधनिबंधातील पाचही मूल्ये या लहान वस्तुमानाच्या प्रदेशातील होती, हे येथे पुन्हा आठवावे.

पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाबाबत झालेल्या संशोधनातून ही सीमा स्पष्ट होते. २००५ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी एकाच प्रमाणित रक्तरसाच्या साह्याने आपली उपकरणे जुळवून घेतली आणि त्यांच्या निकालांत चांगली एकवाक्यता आली. तथापि, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील टप्प्यात ही पद्धत कर्करोग विश्वासार्हपणे ओळखू शकत नाही, असे दिसून आले. आधीचे यश नमुने गोळा करण्यातील भेदांमुळे मिळालेले होते. उपकरणे बिनचूक जुळलेली होती. ती जे मोजत होती, ते मात्र रोगाचे चिन्ह नव्हते. म्हणून अंशशोधन ही आवश्यक अट आहे, पुरेशी अट नव्हे. प्रमाणद्रव्य पोहोचू शकत नाही तेथे त्याची जागा अभ्यासाच्या रचनेने घ्यावी लागते : रुग्ण व निरोगी यांचे रक्त सारख्याच रीतीने घेणे, नमुन्यांचा क्रम यादृच्छिक ठेवणे आणि कोणता नमुना कोणाचा हे हाताळणाऱ्यास कळू न देणे.

हा विचार आज कालबाह्य झालेला नाही. आता एका नमुन्यातून हजारो प्रथिनांची नोंद करणारी उपकरणे उपलब्ध आहेत. परंतु त्यांतील बहुतेक आकडे सापेक्ष असतात. त्यांना मिलिग्रॅम किंवा मोल यांसारखे एकक नसते. एका संचातील आकडा दुसऱ्या संचातील आकड्याशी सरळ ताडून पाहता येत नाही. शोधाच्या पहिल्या पायरीवर हे क्षम्य आहे. मात्र अशाच आकड्यांवर संगणकीय पद्धती चालवून निदानाचे दावे केले जातात, तेव्हा २००२ मधील रचनेची पुनरावृत्ती होण्याची शक्यता निर्माण होते.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) वस्तुमान वर्णपटमितीत ‘कोण’ आणि ‘किती’ या दोन्ही प्रश्नांसाठी स्वतंत्र अंशशोधन लागते. एकाची पूर्तता झाली म्हणून दुसरे गृहीत धरता येत नाही.

२) ज्या घटकाची ओळख पटलेली नाही, त्याचे प्रमाणद्रव्य बनत नाही. म्हणून अनामिक शिखरांवर आधारलेले निदान, संख्याशास्त्रीयदृष्ट्या कितीही आकर्षक असले, तरी मापन या संज्ञेस पात्र ठरत नाही.

३) २००२ च्या शोधनिबंधातील मूळ उणीव मापनशास्त्रीय होती. प्रमाणबद्ध मापनाचे तत्त्व १९९६ मध्येच उपलब्ध होते आणि २००२ मध्येच ग्लायकेटेड हिमोग्लोबिनच्या बाबतीत ते काटेकोरपणे अमलात आले होते.

४) प्रयोगशाळांमधील एकवाक्यता आणि मापनाची अचूकता या भिन्न गोष्टी आहेत. प्रमाणद्रव्य मिसळण्यापूर्वी घडलेली चूक एकवाक्यतेतून उघड होत नाही.

५) मूळ माहिती सार्वजनिक असल्यामुळेच चूक दोन वर्षांत उघडकीस आली आणि चाचणी सरसकट वापरात येण्यापूर्वी थांबली. माहिती खुली ठेवण्याची ही प्रथा जोपासली जाणे आवश्यक आहे.

महाविद्यालयीन स्तरावर संशोधन प्रकल्पांचे परीक्षण करताना परीक्षकास या तंत्राचे सखोल ज्ञान असेलच, असे नाही. तरीही तीन प्रश्न कोणत्याही विद्याशाखेच्या प्राध्यापकाला विचारता येतील : आकड्याला एकक आहे काय? तो कोणत्या ज्ञात प्रमाणाशी ताडून पाहिला आहे? ते प्रमाण नमुन्यात नेमके केव्हा मिसळले आणि त्यापूर्वी नमुन्यावर काय काय घडले? शोधप्रबंधाच्या ‘साहित्य व पद्धती’ या प्रकरणात या प्रश्नांची उत्तरे सापडत नसतील, तर निष्कर्षांच्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी ती मागून घेणे, हे परीक्षकाचे कर्तव्य ठरते.